हिरव्या ठिपक्याचे दार

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे. हातोडी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर खिळे आणि फळ्या येतील. पण माझ्या उभ्या आयुष्यात मी एकही खिळा ठोकलेला नाही. भूकंप होऊन गेला, पूर ओसरला, की मागे उरलेल्या घरांना, पुलांना, शाळांना हळूच टकटक करून विचारायचे, "बाई गं, तू अजून उभी राहशील का?" हे माझे काम. मडके विकत घेताना तुमची आई त्याला टिचकी मारून बघते ना, तसेच. मडके चिरलेले असले तर आवाज भद्द येतो, पक्के असले तर खणखणीत येतो. भिंतींचेही तेच असते. भिंत कधी खोटे बोलत नाही. ते काम माणसे करतात, आणि बऱ्याच वेळा ती चांगली माणसे असतात. अशाच एका चांगल्या माणसाची ही हकिगत आहे. ऐकताना तुम्हाला वाईट वाटेल. मला सांगताना वाटतेच आहे.

माझा जन्म लुरिस्तान नावाच्या दूरच्या डोंगराळ मुलखातल्या एका बाजारात, उस्ता रजब लोहाराच्या भट्टीत झाला. मोडीत निघालेल्या एका ट्रकच्या आसाचा तुकडा त्याच्याकडे कित्येक दिवस धूळ खात पडला होता. तो तुकडा म्हणजे मी. एक दिवस एक उंच, किडकिडीत तरुण दुकानात आला. त्याचे नाव कियूमर्स. तो नुकताच इंजिनियर झाला होता, आणि तिकडे इंजिनियरला सगळे 'मुहंदेस' म्हणतात, म्हणून उस्तानेही त्याला तशीच हाक मारली.

"बोला मुहंदेस, काय बनवू?"

"एक हातोडी हवी. हलकी. डोकं मुठीत मावेल एवढंच. पण तिचा आवाज स्वच्छ हवा."

"आवाज?" उस्ताने भाता थांबवला. "तुम्हाला हातोडी हवी की घंटा?"

"दोन्ही हवं."

उस्ता हसला खरा, पण काम त्याने मन लावून केले. मला लाल होईपर्यंत तापवले, बडव बडव बडवले, पाण्यात बुडवले, पुन्हा तापवले. मग रानबदामाच्या चिवट लाकडाचा दांडा बसवून त्याने मला ऐरणीवर एकदाच वाजवले. माझा स्वर भट्टीभर फिरला. शेजारचा खोगीरवाला दारातून डोकावून म्हणाला, "रजब, दुकानात लग्न आहे का रे?" त्या दिवसाची आठवण झाली की अजून माझी मान ताठ होते.

मुहंदेस कियूमर्सनी मला कातडी पट्ट्यात अडकवले आणि पुढची कितीतरी वर्षे मी त्यांच्या कमरेशी राहिले. आमच्या त्या डोंगरात जमीन फार दिवस स्वस्थ बसत नाही. ती हलली नाही तर नदी हलते. त्यामुळे आम्हाला बसून खायची वेळ कधी आली नाही. कुठे जमीन हादरली, कुठे पाणी चढले की आम्ही त्या गावात हजर. मुहंदेस भिंतीवर डावा तळवा टेकवायचे, डोळे मिटायचे आणि अगदी हलक्या आवाजात म्हणायचे, "बोल." मग मला एकदा टेकवायचे. आवाज ऐकायचा, थांबायचे, थोडे बाजूला सरकायचे, पुन्हा "बोल". गावोगावची पोरे त्यांना 'टकटक मुहंदेस' म्हणायची. आम्ही आलो की गल्लीतून हाळी उठायची, "आले गं बाई आले, टकटक आले! कोंबड्या आत घ्या, नाहीतर त्यांनाही वाजवून बघतील!" मुहंदेसही हसायचे. पण भिंतीपाशी उभे राहिले की त्यांच्या तोंडावरचे हसू मावळायचे.

ते किती कडक होते याची एक गोष्ट सांगते. एका वर्षी पूर ओसरल्यावर आम्ही नदीवरच्या एका पुलाखाली उतरलो. पाणी अजून गुडघाभर होते. मुहंदेसनी मधल्या खांबाला मला टेकवले आणि माझ्या तोंडून असा काही भद्द आवाज निघाला की माझीच मला लाज वाटली. वरून खांब धडधाकट दिसत होता, पण आत पाण्याने खाऊन टाकला होता. मुहंदेस वर आले आणि त्यांनी पुलावर दोर बांधला. नेमकी त्याच वेळी पलीकडच्या गावाला निघालेली वरात ढोल-सनई वाजवत तिथे येऊन ठेपली.

"काय चाललंय हे?" नवऱ्या मुलाचा बाप ओरडला. "चांगल्या पुलाला दोरी? उभा आहे की पूल! डोळे फुटले का तुमचे?"

"उभा आहे, पण राहणार नाही. डोंगराच्या वाटेने जा."

"डोंगराच्या वाटेने? नवरी तिकडे वाट बघत बसलीय. आम्ही काय शेरडं आहोत डोंगर चढायला?"

"शेरडं असता तर एव्हाना पोचला असता," मुहंदेस शांतपणे म्हणाले.

मग जे झाले ते काही सांगण्यासारखे नाही. मुहंदेसच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला, कुणी टोपी उडवली, कुणी मला हिसकावून नदीत फेकायला निघाला. पण मुहंदेस दोराला पाठ लावून उभे राहिले ते हलले नाहीत. वरात शेवटी कुरकुरत डोंगराच्या वाटेने गेली. पुढे त्याच आठवड्यात मधला खांब खचला आणि पूल नदीत बसला. त्यावर तेव्हा चिटपाखरू नव्हते. तो नवऱ्या मुलाचा बाप मिठाईचा डबा घेऊन शहरात आमच्या कचेरीत आला. रडला, मुहंदेसच्या गळ्यात पडला आणि जाताना त्याने सगळ्यांदेखत माझ्या डोक्याचा मुका घेतला. असे होते माझे मालक. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वर्षे गेली. मुहंदेसच्या मिशा पांढऱ्या झाल्या, माझा दांडा त्यांच्या हाताच्या घामाने काळा पडला. त्यांच्याबरोबर आता हेंगामे नावाची एक तरुण इंजिनियर मुलगी येऊ लागली होती. बोलायला तिखट, कामाला वाघीण. तिच्या पिशवीत रंगाचे तीन डबे असायचे. घर तपासून झाले की दारावर ठिपका उठवायचा. हिरवा म्हणजे खुशाल राहा, पिवळा म्हणजे डागडुजी करून मग राहा, आणि लाल म्हणजे बाहेर पडा, हे घर पाडावे लागेल.

एका वर्षी हिवाळा सरता सरता जमीन हादरली. नदीकाठच्या चमबीद गावाला बराच मार बसला. नवरोजचा, म्हणजे नव्या वर्षाचा, सण तोंडावर होता. त्या दिवसांत आमच्याकडे घर नुसते झाडत नाहीत, उलटेपालटे करून धुऊन काढतात. गालिचे नदीवर नेऊन बडवतात, भिंतींना नवा हात देतात, बशीत गहू रुजत घालतात. भूकंप झाला म्हणून सण थोडाच थांबतो? आम्ही गावात शिरलो तेव्हा अर्ध्या बायका पडलेल्या विटा उचलत होत्या आणि अर्ध्या उरलेल्या भिंती सारवत होत्या.

पहिलेच घर लागले ते अक्रोडाचा व्यापार करणाऱ्या सफदरचे. त्याने आम्हाला थेट बकऱ्यांच्या गोठ्याकडे नेले. भिंतीला चांगली जाडजूड भेग होती. मुहंदेसनी भेगेवरून बोट फिरवले. कडा नव्या कोऱ्या पांढऱ्या होत्या.

"सफदर, ही भेग भूकंपाची की तुझी?"

"दोघांची, मुहंदेस," सफदर हात जोडून म्हणाला. "त्याने सुरू केली, मी पुरी केली. सरकार नवा गोठा देतंय म्हणे."

"कुदळ कुठेय?"

"शेजाऱ्याला दिलीय. त्याला पण भेग हवी होती."

हेंगामेला हसू आवरेना, मुहंदेसही हसले. मुहंदेसनी गोठ्याला पिवळा ठिपका लावायला सांगितला आणि सफदरचा कान धरल्यासारखे करून पुढे निघाले. त्या गावात ते हसले ते तेवढेच.

सफदरच्या घराला लागूनच माहताजखालाचे घर होते. खाला म्हणजे मावशी, गावात सगळेच तिला तशी हाक मारायचे. म्हातारी एकटी राहायची. तिच्या घराला निळे दार होते आणि दाराला कडी कधीच नसायची. तिचा एकुलता एक मुलगा मुराद सुताराच्या हाताखाली शिकायचा. ते दार, ती चौकट त्यानेच बसवली, त्यानेच निळी रंगवली, आणि रंग वाळायच्या आत तो लढाईवर गेला. दक्षिणेच्या दलदलीत त्याची तुकडी बेपत्ता झाली. ना देह आला, ना खबर. लढाई कधीच संपली, गावातली बाकीची पोरे एकतर परत आली, नाहीतर पुरली गेली. मुराद दोन्हीकडे नव्हता. म्हणून खाला रोज सकाळी दार उघडायची आणि रात्री नुसते लोटून ठेवायची. हे आम्हाला वाटेत सफदरनेच सांगितले होते.

खाला दारातच उभी होती. घर लख्ख झाले होते. भिंतींना पांढरा गिलावा इतका ताजा की त्याचा वास येत होता. जमिनीवर पांढऱ्या कापडावर नवरोजची मांडणी अर्धीमुर्धी झाली होती. बशीत गव्हाचे हिरवे कोंब, सफरचंदे, लसूण. आणि समोरच्या, मागच्या बाजूच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक मोठा लाल गालिचा टांगलेला होता. गालिच्याच्या मधोमध मुरादचा फोटो. मिसरूडही नीट न फुटलेला पोरगा.

"या, या. पायधूळ झाडली माझ्या घरी. बसा."

"खाला, आधी भिंती बघून घेतो."

"वा रे! घरात आलेला माणूस चहाआधी भिंत बडवतो का? उद्या गाव म्हणेल, माहताजकडे पाहुणे आले आणि भिंती बडवून उपाशी गेले. बसा म्हणते ना."

"लाजवू नका, खाला."

"लाजायचं तर मी. घरात धड काही नाही. अक्रोड भरलेले खजूर तेवढे आहेत."

ती चहा करायला वळली तशी मुहंदेसनी मला पट्ट्यातून काढले. पहिली भिंत, "बोल." ठीक. दुसरी, दाराची भिंत, "बोल." चौकटीपाशी तर आवाज घंटेसारखा आला. तिसरी, थोडी कुरकुर, पण ठीक. मग ते गालिच्याच्या भिंतीपाशी आले. गालिच्याच्या कडेला वीतभर भिंत उघडी होती. तिथे त्यांनी मला टेकवले.

भद्द.

मित्रांनो, तो आवाज मी ओळखत होते. त्या पुलाच्या खांबाचा होता, तोच. मुहंदेसचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी गालिच्याकडे पाहिले, मग त्यांचा हात गालिच्याच्या कडेकडे गेला. तेवढ्यात मागून पेले खडखडले.

"तिथे नको," खाला म्हणाली. चहाचे तबक घेऊन ती मध्ये आली. "तिथे माझा मुराद आहे. त्याला नका ठोकू."

"खाला, फोटोला हात नाही लावणार. फक्त गालिचा जरासा..."

"गालिचा काढला की तो खाली येईल. नवरोजच्या तोंडावर मी त्याला खाली उतरवू?" तिने तबक जमिनीवर ठेवले आणि स्वतःच भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "मला माहितीय तुम्ही कशाला आलात. लाल लावाल, मला त्या सरकारी पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवाल, घर पाडून टाकाल. बरं, पाडा. पण तो आला तर कुठे जाईल? त्याला दुसरा पत्ता ठाऊक नाही, बाबा. त्याला हे एकच दार ठाऊक आहे."

चहाची वाफ वर जात होती. मग मुहंदेसनी मला परत पट्ट्यात अडकवले, मांडी घालून खाली बसले आणि पेला उचलला. लोकांच्या शिव्याशापांपुढे न झुकलेला माणूस एका चहाच्या पेल्यापुढे झुकला. मी कमरेशी लटकत होते. ओरडावेसे वाटत होते, पण हातोडीला दुसऱ्याच्या हाताशिवाय तोंड नसते.

बाहेर आल्यावर हेंगामे म्हणाली, "सर, मागच्या भिंतीचा आवाज मलाही ऐकू आला."

"नवा गिलावा आहे. आतून ओला असला की असाच वाजतो."

"असेलही. मग गालिचा सारून बघायला काय हरकत आहे? मी जाते आत. मला शिव्या देऊ देत."

"हेंगामे, त्या बाईने पोराला तिथे टांगून ठेवलंय. तू काय त्याला खिळ्यावरून उतरवणार आहेस?"

"उतरवीन. परत टांगीन."

"सण होऊ दे," मुहंदेस म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते. "सण झाला की आपण येऊ, नीट समजावून सांगू, शांतपणे बघू. तोवर काही होत नाही. हिरवा दे."

हेंगामेने पिशवीतून डबा काढला. मग तिने निळ्या दारावर हिरवा ठिपका उठवला. खाला धावत बाहेर आली, ठिपका बघितला आणि तिला रडू कोसळले. तिने मुहंदेसचे कपाळ चुंबले, हेंगामेच्या ओंजळीत खजूर भरले आणि म्हणाली, "तुमच्या पोटी चांगली मुलं येवोत. ती तुमच्याजवळ राहोत." मुहंदेस मान खाली घालून गाडीत बसले.

सण आला आणि सणाबरोबर पाऊस आला. असा पाऊस तिकडे कुणी पाहिला नव्हता. शहरातल्या घरात पाहुणे येत होते, मिठाई वाटली जात होती, आणि मुहंदेस खिडकीशी उभे राहून डोंगराकडे बघत होते. मध्येच ते माझ्याकडे यायचे, मला उचलायचे, ठेवायचे. रस्ते वाहून गेले होते, फोन लागत नव्हते. सणाच्या दिवसांत इतके उदास घर मी कधी पाहिले नव्हते.

रस्ता मोकळा झाल्याबरोबर आम्ही चमबीदला पोचलो. गावात गाळ होता, नुसता गाळ. कुणी आम्हाला हाळी दिली नाही. सफदर गुडघ्यापर्यंत चिखलात उभा होता. त्याने मुहंदेसना पाहिले आणि फावडे खाली टाकले. सलामसुद्धा केला नाही.

"सांग," मुहंदेस म्हणाले.

"काय सांगू? दुपारी पाणी चढायला लागलं. लाल-पिवळ्या ठिपक्याची सगळी घरं आधीच रिकामी होती. बाकीच्यांना मी हाका मारत फिरलो, टेकडीवरच्या शाळेत चला म्हणून. खालाच्या दारात गेलो. ती आत बसलेली, गव्हाच्या कोंबांना दोरा बांधत. म्हटलं, चला. तर म्हणते, 'अरे सफदर, तू बकऱ्या ने वर. माझ्या घराला हिरवा ठिपका आहे. मुहंदेसनी स्वतः ठोकून बघितलंय. असा माणूस खोटं सांगेल का?'"

हेंगामेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही.

"पाणी जोत्याच्या वर आलंच नाही, मुहंदेस," तो म्हणाला. "बाकीची हिरवी घरं उभी आहेत. बघा ना, उभी आहेत. हिची तेवढी मागची भिंत भिजली आणि बसली. छप्पर तिच्यावर. ती फोटोखालीच बसली होती."

घराच्या जागी मातीचा ढीग होता. लोकांनी खालाला त्यातून काढून टेकडीवर पुरले होते. गालिचा बाहेर ओढून टाकलेला, चिखलाने जड झालेला. मागच्या भिंतीचा कमरेएवढा तुकडा अजून उभा होता आणि त्यात ती भेग होती. ती जुनी होती, भूकंपाची. वरून बोटभर गिलावा थापून बुजवलेली. मुहंदेसनी त्यात हात घातला. पंजा पूर्ण आत गेला.

"तो गालिचा मीच टांगला होता," सफदर म्हणाला. "तुम्ही यायच्या आदल्या दिवशी. ती म्हणाली, पाहुणे यायचेत, भिंत बरी दिसत नाही. मी हसलो. म्हटलं, खाला, सगळं गाव भेगा वाढवतंय आणि तुम्ही बुजवत बसलाय! तीही हसली. मला काय माहीत... मला वाटलं, तुम्ही काढून बघालच. तुम्ही टकटक मुहंदेस!"

त्यानंतर मुहंदेस फार वेळ त्या भेगेपाशी बसून होते. ढीग उपसायला आणलेले यंत्र बाजूला थांबून होते. चालक खाली उतरून टोपी काढून उभा होता.

"बाकी सगळं उचलतो," तो चाचरत म्हणाला. "पण ते दार... त्याला हात लावायला मन होत नाही. एकटं उभं आहे. कुणाच्या अंगावर पडणार नाही ना, तेवढं बघता का?"

खरेच, घर गेले होते आणि दार उभे होते. चौकट, दोन्ही बाजूंचा हात-हातभर भिंतीचा भाग आणि ते निळे दार. थोडेसे उघडे. त्यावर हिरवा ठिपका जसाच्या तसा.

मुहंदेस उठले. चिखलातून चालत दारापाशी गेले. डावा तळवा चौकटीवर टेकवला, डोळे मिटले. त्यांच्या ओठातून कसाबसा शब्द निघाला, "बोल." आणि त्यांनी मला टेकवले.

आवाज खणखणीत आला. मुरादने बसवलेली चौकट होती ती. माझा स्वर त्या गाळावरून पार नदीपर्यंत गेला. उस्ता रजबच्या भट्टीत आला होता तसा. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या अख्ख्या घरात पक्के उरले होते ते एवढेच.

हेंगामेने पिशवीतून लाल रंगाचा डबा काढला होता. मुहंदेसनी तो बाजूला सारला.

"राहू दे हिरवा. हे दार पडणार नाही." मग ते तिच्याकडे वळले. त्यांच्या पांढऱ्या मिशा ओल्या झाल्या होत्या. "मला ऐकू आलं होतं, पोरी. गिलाव्याचा आवाज मला कळत नाही का? ऐकू आलं होतं मला."

त्यांनी मला तिच्या हातात दिले. "घे. तू गालिचा काढला असतास."

तो त्यांच्या कामाचा शेवटचा दिवस. त्यानंतर त्यांनी कुठल्याही भिंतीला हात लावला नाही. मी ऐकते की ते घरात खिडकीशी बसतात आणि कुणी दार वाजवले तर दचकतात.

हेंगामेकडे मी अजून आहे. तिच्याकडे आता एक यंत्र आले आहे. ते भिंतीला लावले की काचेवर आकडे उमटतात. माझा दांडा तडकला आहे, त्याला तार गुंडाळलेली आहे, आणि मी बहुतेक वेळ गाडीच्या मागच्या भागात दोरखंडाखाली पडून असते. गंजही चढायला लागला आहे. कधी यंत्राची बॅटरी उतरली की तिला माझी आठवण होते, नाहीतर नाही. मला त्याचे फारसे दुःख नाही. दुःख दुसरेच आहे.

हेंगामे कुणाच्याही घरात गेली की आधी चहाला नाही म्हणते. "चहा नंतर. आधी भिंती." मग एकेक गालिचा, एकेक फोटो, एकेक कपाट ती हलवायला लावते. बायका रागावतात. म्हणतात, "काय उर्मट मुलगी आहे! आईने काही शिकवलं नाही का?" ती ऐकून घेते, फोटो अगदी जपून उतरवते, बघून झाले की स्वतःच्या ओढणीने पुसून परत होता तसा टांगते. मग मांडी घालून बसते आणि थंड झालेला चहा पिते.

चमबीदचे ते दार अजून उभे आहे. गेल्या खेपेस आम्ही तिथून गेलो तेव्हा गाडी थांबली होती. मागे गवत उगवले होते, पुढे गवत उगवले होते आणि मध्ये दार. सफदर त्याच्या बिजागरीला तेल देत होता. "सकाळी उघडतो," तो हेंगामेला म्हणाला, "रात्री नुसतं लोटतो. कडी नाही घालत. तिची सवय."

मित्रांनो, तुमच्या घरीही भिंती असतील आणि भेगाही असतील. पाहुणा येणार म्हणून त्या झाकू नका. आणि कधी तुम्हीच कुणाच्या घरी भिंत बघायला गेलात, तर तिथल्या माणसाला दुखावण्याच्या भीतीने हात आखडू नका. चहा जरूर घ्या. तो मागाहून घ्या. मुराद कधी परत आलाच, तर त्याला त्याचे दार सापडेल. ते त्याने पक्के बसवले होते. दारामागे आई सापडणार नाही.